परवा नक्की

रंजनाबाई इंगवले खोटं बोलत नव्हत्या, आणि तेच त्यांना भोवलं. खोटं बोलत असत्या तर काही झालं नसतं. शेजारच्या बबन टेलरचं कुठे काय झालं?

चैत्रातला सोमवार होता. कराडच्या मंडईमागच्या बोळात 'इंगवले मिरची कांडप केंद्रा'समोर सकाळी सातपासून पिशव्यांची रांग लागली होती. वर्षाची चटणी करायचे दिवस. बायका घरून मिरच्या आणतात, ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी, आणि तोंड पोळावं म्हणून मूठभर लवंगी. शिवाय धने, खोबरं, तीळ, दगडफूल, हळकुंडं. केंद्रात ते भाजायचं आणि डंक्याखाली कांडायचं. डंका म्हणजे ओळीने उभी लोखंडी मुसळं, मोटरीवर वर-खाली होणारी. पाऊस तोंडावर यायच्या आत सगळ्या तालुक्याची चटणी व्हावी लागते आणि डंके मात्र तीनच.

प्रत्येक बाई एकच विचारत होती, "वैनी, कधी मिळंल?" रंजनाबाई पिशवीवर खडूने नाव घालत सांगत होत्या, "परवा न्या. नक्की." त्या दिवशी हे त्यांनी अकरा जणींना सांगितलं. अकराही वेळा गल्ल्याशेजारच्या बोलपेटीवर हिरवा दिवा लागला, कारण अकराही वेळा त्या मनापासून बोलल्या होत्या. हिशेब घालून, वेळ बसवून, प्रसंगी रात्रपाळी करायची असं ठरवूनच बोलल्या होत्या.

मंगळवारी दुपारी बोळाच्या तोंडाचा ट्रान्सफॉर्मर धाडकन उडाला आणि वीज शुक्रवारी आली.

पूर्वी असं झालं असतं तर अकरा बायकांनी येऊन तोंडसुख घेतलं असतं. एखादी म्हणाली असती, "तुमच्या तोंडाकडं बघून पिशवी ठिवली हुती." रंजनाबाईंनी चहा पाजला असता, हातावर नवी चटणी ठेवली असती, आणि भांडण हाहूऽ करत संपलं असतं. आता तसं नव्हतं. बायका आल्याच नाहीत. शुक्रवारी सकाळी फोनवर नोटीस आली. वचनभंग, अकरा.

ही बोलपेटी काय भानगड होती ते सांगायला हवं.

त्याच्या आधी पाच-सहा वर्षांत कागद मेला होता. सही, शिक्का, फोटो, आवाज, चित्रफीत, सगळं हुबेहूब बनवून देणारी यंत्रं कुणाच्याही हाती आली. तेव्हा कोर्टात कागद पुढे केला की समोरचा वकील तसाच दुसरा काढून दाखवी, वरच्या चहाच्या डागासकट. धंदा चालावा कसा? माल घेतला तो म्हणे दिला नाही, दिला तो म्हणे घेतलास. अशा वेळी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत तोतरेपणावर काम करणाऱ्या दोन बायांना भलतंच काही सापडलं.

माणूस 'मी हे करीन' असं मनापासून म्हणतो, तेव्हा शब्द बाहेर पडण्याआधी क्षणभर मेंदूतून एक बारीक इशारा निघतो. हात-पाय हलवण्याचा नव्हे, कामाला लागायची तयारी करण्याचा. बाई कामाआधी पदर खोचते ना, तसंच शरीर आतल्या आत करतं. हा इशारा श्वासाच्या पडद्याला आणि स्वरतंतूंना पोचतो आणि आवाजात एक थरथर येते, कानाला कधीच न कळणारी. नुसतं तोंडदेखलं बोलणाऱ्याच्या गळ्यात ती नसते. त्या दोघींनी तिला संकल्पकंप असं नाव दिलं. मग पेटी झाली. पेटीतून डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची तिरीप गळ्यावर पडते, कातडीची हालचाल मोजते आणि कंप सापडला की हिरवा दिवा लावते. समोर जिवंत गळा लागतो, म्हणून नक्कल चालत नाही.

सरकारला हे देवासारखं भेटलं. शब्दनोंदीचा कायदा आला, प्रत्येक दुकानात, कारखान्यात पेटी बसली. हिरवा दिवा लागला की तो करार. एका परवान्यावर वर्षात दोन वचनभंग झाले की परवाना रद्द. ज्याचा शब्द खरा त्याला भिण्याचं कारण नाही, असं तेव्हा सगळे म्हणाले, रंजनाबाईसुद्धा म्हणाल्या.

फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. पेटीला मन कळत होतं, ट्रान्सफॉर्मर कळत नव्हता.

आणि बबन टेलर? तो गेली तीस वर्षं "गुरुवारी घेऊन जा दादा, शब्द आहे माझा" म्हणत आला होता. त्याच्या पेटीचा दिवा अजून एकदाही लागला नव्हता. कायद्याच्या दृष्टीने त्याने जन्मात कुणाला शब्दच दिला नव्हता. तो त्या शुक्रवारी रंजनाबाईंच्या दारात येऊन हळहळला. "वैनी, एवढं मनावर घेऊन कशाला बोलायचं हो गिऱ्हाइकाशी?" असं विचारून तो हातातली पँट झटकत निघून गेला.

रंजनाबाई भट्टीपाशी गेल्या. तिथे बायडाक्का मिरच्या भाजत होती. बायडा लोखंडे बावीस वर्षांपूर्वी या केंद्रात पिशवी घेऊन आली होती आणि परत गेली नव्हती. घरी जायला तिला घर उरलं नव्हतं. मागची खोली तिची झाली. रंजनाबाईंचे मालक वारले तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे डंक्याचा आवाज ऐकून रंजनाबाई धावत खाली आल्या, तर बायडाक्का एकटी डंका चालवत उभी. "बसून रडल्यावर पिशव्या कोण कांडणार?" एवढंच ती म्हणाली होती. त्या दिवशी रंजनाबाई तिला म्हणाल्या होत्या, "जोवर मुसळ उठतंय तोवर तू हितली." तेव्हा पेट्या नव्हत्या, म्हणून तो शब्द कुठे नोंदलेला नव्हता.

भाजणी मात्र बायडाचीच. मिरची कधी उतरवायची ते तिला नाकाने कळे. खोकला यायच्या एक क्षण आधी, असं ती सांगे, आणि तो क्षण दुसऱ्या कुणाला कधी सापडला नाही.

"बायडा, अकरा लागले गं," रंजनाबाई म्हणाल्या. "दोन झालं की परवाना जातोय. मला अकरा!"

"परवाना गेला तर एक जूनचं काय वैनी?"

एक जून ही बायडाची जन्मतारीख, म्हणजे शाळेत घालताना गुरुजींनी लिहून टाकलेली. गावातल्या निम्म्या माणसांची तीच. यंदाच्या एक जूनला बायडाला साठ पुरी होत होती. साठीनंतर कामगाराला कामाच्या जागी ठेवायचं तर मालकाला आधारशब्द द्यावा लागे. श्रम कार्यालयात, तिथल्या पेटीसमोर: ही व्यक्ती आहे तोवर मी तिला काम आणि आसरा देईन. दिवा लागला पाहिजे. नाहीतर त्या माणसाने साताऱ्याच्या सरकारी निवाऱ्यात जायचं. कायदा वाईट हेतूने केलेला नव्हता. म्हाताऱ्या माणसांना फुकट राबवून आजारी पडल्यावर रस्त्यावर काढणारे मालक काय थोडे होते? घरात माणूस म्हणून ठेवायचं म्हटलं तरी तोच शब्द आणि तीच पेटी. रंजनाबाईंनी त्याची कधी काळजीच केली नव्हती. जायचं, एक वाक्य बोलायचं, एसटी स्टँडवर चहा घ्यायचा आणि परत यायचं, एवढंच तर होतं. पण हा शब्द परवाना असलेल्याकडूनच घेत. परवानाच नसेल तर मालकीण कसली आणि शब्द कसला?

"मी हाय न्हवं," त्या म्हणाल्या. गल्ल्यावरच्या पेटीचा दिवा लांबून हिरवा झालेला दिसला.

बायडाने तिकडे पाहिलंही नाही. "मला काय दिवा बघायचाय वैनी? मला तुमचं त्वांड दिसतंय की."

व्यापारी मंडळाच्या हॉलमध्ये दर गुरुवारी चार वाजता वकील दिगंबर माईणकर छोट्या धंदेवाल्यांना कायद्याचे धडे देत. पिठाची गिरणीवाले, मंडपवाले, झेरॉक्सवाले, एक म्हशींचा व्यापारी, असे तीसेक जण येत. माईणकर गोरेपान, मिश्कील आणि बोलायला गोड. त्यांनी रंजनाबाईंचं प्रकरण तासाभरात अर्धं सोडवलं. अकरा वचनभंगांचं कारण एकच, म्हणून भंग एकच, हे म्हणणं त्यांनी वरच्या कार्यालयात मान्य करून घेतलं. "पण आता दुसरा झाला की संपलं, बाई. पुढचा चैत्र येईपर्यंत एकही चुकायला नको."

मग त्यांनी फळ्यावर लिहून दिलं. गिऱ्हाइकाला वेळ सांगताना अट तोंडाने बोला, वीज असली तर, कामगार आले तर. दुकानात पाटी लावा, येथे सांगितलेली वेळ अंदाजे आहे. माल ताब्यात घेताना त्याच्यासमोर वजन करा. कामगाराला रजा द्यायची तर कारण विचारा, पगारवाढीचं सणासुदीला बोलू नका, कारण सणाला माणूस मनापासून बोलतो. रंजनाबाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं.

"यानं वाचेन का मी?"

"निम्म्या वाचाल," माईणकर हसले. "अट तोंडात आणि मनात 'परवा नक्की' असेल, तर दिवा लागायचा तो लागणारच. तुमचा रोग शब्दांत नाही बाई, गळ्यात आहे. तुम्ही प्रत्येक गोष्ट मनापासून बोलता. असं कुणी धंदा करतं का?"

त्यांनी टेबलाच्या खणातून एक काळी पट्टी काढली. गळ्याभोवती बांधायची. संकल्पकंप आला की पट्टी चिमटा काढल्यासारखी थरथरे. ती थरथरू नये असं बोलायला शिकायचं, बाकी काही नाही. आपल्या शरीरात काय चाललंय ते क्षणोक्षणी कळलं की शरीर हळूहळू ते बदलायला शिकतं. रक्तदाबाच्या रोग्यांना डॉक्टर पूर्वीपासून हे शिकवत. चाळीस दिवस लागतात, असं माईणकर म्हणाले. हॉलमधल्या निम्म्या गळ्यांना ती पट्टी होती, हे रंजनाबाईंना तेव्हा दिसलं.

"आणि कधी मनापासून बोलायचं असलं तर?"

"पट्टी काढायची!"

पहिल्या आठवड्यात रंजनाबाईंचा गळा चिमट्यांनी बेजार झाला. "चहा टाकते" म्हटलं की चिमटा. "हळद घालते मी, तू बस" म्हटलं की चिमटा. आपण दिवसभरात किती शब्द देतो हे त्यांना त्या वयात पहिल्यांदा कळलं. बायडा बघून हसे. "गायीच्या गळ्यात लोढणं असतंय तसं दिसतंय ह्ये."

मग युक्ती सापडू लागली. श्वास आधी सोडून टाकायचा. समोरच्या बाईचा चेहरा बघायचा नाही, तिच्यामागच्या भिंतीकडे बघायचं. पिशवी ही पिशवी, तिच्यात कुणाच्या घरचं वर्ष आहे हे मनात आणायचं नाही. "परवा न्या" हे वाक्य कुणी दुसऱ्यानेच लिहून ठेवलंय आणि आपण ते वाचतोय, असं धरायचं. पंधराव्या दिवशी पट्टी दिवसातून दहा-बाराच वेळा थरथरली. पंचविसाव्या दिवशी दोनदा. गल्ल्यावरची पेटी मुकी झाली. कामही सुटसुटीत झालं, हे खोटं कशाला म्हणा? उशीर झाला तरी छातीत धडधडत नव्हतं. एका बाईची चटणी दोन दिवस राहिली, ती भांडायला आली, तर रंजनाबाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. बाई काही न बोलता पिशवी उचलून निघून गेली. पुढच्या आठवड्यात तिच्या जावेची पिशवी आली नाही.

बबन टेलरने दारातून दाद दिली. "आता कशा लायनीत आला वैनी!"

मे महिन्याच्या मध्यावर नाशिकहून लेकीचा फोन आला. स्वरूपाला सातवा लागला होता. आजकाल फोनमध्येही तशी पेटी असे, आणि मनापासून शब्द दिला की समोरच्याच्या चेहऱ्याखाली हिरवा ठिपका दिसे. मित्रमैत्रिणी चेष्टेत एकमेकांचे ठिपके मोजत.

"आई, न्यायला येशील ना गं तू? सासूबाई विचारत होत्या."

"येणार की. एक जूनचं बायडाचं काम झालं की लगेच निघते."

पडद्यावर स्वरूपाची नजर जरा खाली गेली.

"आई, जमणार नसेल तर तसं सरळ सांग ना. मी इथेच राहीन. त्यात काय एवढं."

"अगं, येते म्हणाले ना!"

"हं," स्वरूपा म्हणाली. ती ठिपक्याच्या जागेकडे बघत होती हे रंजनाबाईंना तिच्या नजरेवरून कळलं. त्यांनी हात गळ्याशी नेला. पट्टी तर त्यांनी जेवणाआधीच काढून खुंटीला अडकवली होती.

त्या रात्रभर जागल्या नाहीत की काही नाही, त्यांना चांगली झोप लागली. त्याचीच त्यांना सकाळी भीती वाटली. अंघोळीआधी त्या गल्ल्यापुढे उभ्या राहिल्या आणि पेटीला सांगू लागल्या. लेकीला आणायला जाईन. बायडाला सांभाळीन. मालकांच्या फोटोला हार घालीन. दिवा लागला नाही. "मी आता चहा टाकते," त्या म्हणाल्या, आणि खरोखर जाऊन चहा टाकला. चहा उकळला तरी दिवा विझलेलाच होता.

त्याच दिवशी त्या माईणकरांच्या दारात गेल्या. "माझं मला परत द्या," त्या म्हणाल्या. वकिलांना आधी कळेचना. कळल्यावर ते खुर्चीत मागे टेकले आणि पहिल्यांदाच त्यांचा मिश्किलपणा गेला.

"बाई, पोहायला शिकलेल्या माणसाला ठरवून बुडता येतं का? अंग आपोआप तरंगतं. तसंच आहे हे. गळा एकदा शिकला की शिकला. काहींचं परत येतं म्हणतात वर्षा-दोन वर्षांनी. मला माहीत नाही. मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"एक जूनला आधारशब्द हाय माझ्या बायडाचा."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"पट्टी काढायची म्हणालात ना तुम्ही!" रंजनाबाई ओरडल्या. "पट्टी काढायची, एवढंच म्हणालात!"

माईणकर टेबलाचा खण लावून घेऊ लागले. आणि रंजनाबाईंना कळून चुकलं की दोन्हीकडून दार लागलंय. पट्टी बांधली नसती तर मिरचीच्या हंगामात कधी ना कधी दुसरा भंग झालाच असता, परवाना गेला असता, बायडा गेली असती. पट्टी बांधली, परवाना राहिला, तरी बायडा चाललीच.

बायडाला त्यांनी सगळं सांगितलं. ती मिरच्यांची देठं खुडत होती, खुडत राहिली. "त्यात काय वैनी. तुमच्या मनात हाय न्हवं? मग लागंल दिवा. असं कसं लागत न्हाय?"

एक जूनला श्रम कार्यालयात गर्दी होती. साठी भरलेले सगळे त्याच दिवशी. गुरुजींची कृपा. खिडकीतल्या अधिकारी शबाना तांबोळी तरुण होत्या आणि प्रत्येकाला बसायला सांगत होत्या. समोर एक वीटभट्टीवाला आला, मान खाली घालून शब्द पुटपुटला, दिवा लागला, त्याचा म्हातारा कामगार टोपी सारखी करत त्याच्यामागून गेला. रंजनाबाईंना त्या वीटभट्टीवाल्याचा असा हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

"रंजना इंगवले. बायडाबाई लोखंडे. या, बसा. वाक्य समोर लिहिलंय, पण तुमच्या शब्दांत बोललात तरी चालेल. तीन वेळा संधी असते. घाबरायचं नाही."

रंजनाबाईंनी वाक्य वाचलं. दिवा लागला नाही.

"पुन्हा एकदा. सावकाश."

त्यांनी डोळे मिटले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट आठवली, डंक्याचा आवाज आठवला. पाठमोरी बायडा आठवली. छाती भरून आली, आणि शब्द तोंडाशी येताच श्वास आपला आपणच सुटून गेला, शिकवल्यासारखा. "बायडा हाय तोवर मी तिला काम देईन, आसरा देईन." आवाज छान स्वच्छ निघाला. दिवा लागला नाही.

तिसऱ्या वेळी त्यांनी बायडाचा हात धरला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघूनच बोलायचं ठरवलं. पण बायडा त्यांच्याकडे बघत नव्हती. बावीस वर्षं जी तोंड बघत आली होती, ती आता पेटीकडे बघत होती, दिवा लागतोय का ते. रंजनाबाई बोलल्या. काय बोलल्या ते त्यांना नंतर आठवलं नाही. बायडाचा हात त्यांच्या हातात जरा सैल झाला, एवढं मात्र आठवलं.

"सॉरी," शबानाताई हळूच म्हणाल्या. "निवाऱ्याची गाडी दोन वाजता आहे. सामान नंतर आणलं तरी चालेल. तिथे सगळी सोय आहे, खरंच."

रंजनाबाई रडू लागल्या. त्यांना स्वतःचंच कळेना. आपल्या मनात आहे ना? होतं ना? की यंत्र बरोबर सांगतंय आणि आपणच स्वतःला फसवतोय? चाळीस दिवस भिंतीकडे बघत बोलताना आपल्यातलंच काही निघून गेलं, हे आता विचारायचं तरी कुणाला?

त्यांचं रडणं बघून बायडाचा जीव कळवळला. तिने पदराने रंजनाबाईंचं तोंड पुसलं.

"आवं, रडताय काय वैनी लहान पोरावानी! सातारा काय लई लांब हाय? मी येते की. दरसाल चैत लागला की येते मिरच्या भाजाय. तुमच्या भाजणीला दुसरं हाय तरी कोण? मरस्तवर येते. नक्की."

टेबलावरचा दिवा लागला. लख्ख हिरवा लागला. रंजनाबाईंनी इतका स्थिर दिवा कधी पाहिला नव्हता.

शबानाताईंचा हात बटणाकडे गेला, पण उशीर झाला होता. "आजी! पेटी चालू होती हो." त्यांनी पडद्यावर उमटलेली नोंद वाचली आणि कपाळाला हात लावला.

"काय झालं?"

"शब्द नोंदला गेलाय तुमचा. दर चैत्रात यायचं, हयातभर. पण निवाऱ्यातल्या माणसाला बाहेर मजुरी करता येत नाही. आणि नोंदलेला शब्द मोडला की निवाऱ्यातली जागा जाते."

"म्हंजी जायचं बी न्हाय आन् ऱ्हायचं बी न्हाय?" बायडाला हसू आलं. "बरंच हाय की."

"थांबा, थांबा, सोपं आहे," शबानाताई घाईने म्हणाल्या. "ज्यांना शब्द दिलाय त्यांनी तो सोडला की तुम्ही मोकळ्या. इंगवलेबाई, एवढंच म्हणा, मी बायडाबाईंचा शब्द सोडला. फक्त मनापासून म्हणा. कारण सोडणं म्हणजेही पुन्हा मागणार नाही असा शब्द देणंच झालं ना."

रंजनाबाई पेटीकडे वळल्या. त्यांनी बायडाला पाहिलं, तिच्या भाजून काळ्या झालेल्या बोटांच्या पेरांना पाहिलं. पुढच्या चैत्रात भट्टीपाशी कुणी नसेल, हे मनात आलं आणि त्यांनी ते मागे ढकललं.

"सोडला," त्या म्हणाल्या. "बायडा, तुझा शब्द मी सोडला."

दिवा लागला नाही.

तो गळ्यामुळे लागला नाही की मनामुळे, हे त्यांना समजलं नाही. शबानाताईंनी पेटीचा कोपरा टिचकी मारून पाहिला. खिडकीमागच्या रांगेतून कुणीतरी "आटपा हो" म्हणालं.

बायडा उठली, पिशवी काखेत मारली आणि रंजनाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला.

"ऱ्हाऊ द्या वैनी. गळ्याला ताण नगा दिऊ. येईन म्हणलं न्हवं का मी?"

आणि दिवा पुन्हा लागला.